माझ्यासमोरची मोकळी जागा

मित्रांनो, मी नगाऱ्यासारखा दिसतो, म्हणून इथली मुलं मला नगारा म्हणतात. पण मला आजवर कुणी टिपरूने वाजवलेलं नाही. मी मोबाइल टॉवरवरचा एक जुना अँटेना आहे. गडहिंग्लजहून कर्नाटकाच्या हद्दीकडे निघालात की मरगुबाईचा माळ लागतो. त्या माळाच्या माथ्यावर आमचा टॉवर उभा आहे. टॉवरला खालच्या अंगाला लोखंडी जाळीचा एक सज्जा आहे आणि त्या सज्ज्याच्या कठड्यामागे मी बसलेलो आहे. एके काळी माझा रंग पांढराशुभ्र होता. उन्हाने आणि कावळ्यांनी आता तो पिवळट केला आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. काम केलेल्या वस्तूचा रंग असाच होतो.

लोकांना वाटतं, सगळं काम टॉवरच करतो. तसं नाही. टॉवरच्या टोकाला जे उभे लांबट पट्टे दिसतात, ते तुमच्या हातातल्या फोनशी बोलतात. पण तुमचं बोलणं पुढे गावाबाहेर, शहरात, दुसऱ्या राज्यात कोण नेणार? ते काम माझं. माझ्यासारखाच आणखी एक नगारा गडहिंग्लजच्या पलीकडच्या डोंगरावर बसवला आहे. आम्ही दोघे एकमेकांकडे तोंड करून बसतो. माझ्या तोंडातून निघालेली लहर सरळ जाते आणि त्याच्या तोंडात पोचते. त्याची लहर तशीच माझ्याकडे येते. दोघांच्या मधल्या जागेत तार नाही, खांब नाही, काहीही नाही. काहीही नसणं, हाच आमचा रस्ता. आम्हाला वळून जाता येत नाही. मध्ये काही आलं, की आम्ही अडतो.

एकोणीसशे सत्त्याण्णव साली एका कारखान्यात माझा जन्म झाला. अ‍ॅल्युमिनियमचा एक गोल सपाट पत्रा होतो मी. त्या पत्र्याला फिरत्या साच्यावर दाबत दाबत परातीसारखा बाक दिला गेला. परात थोडी वाकडी झाली तरी भाकरीचं पीठ मळता येतं. माझं तसं नव्हतं. माझा बाक नखभर चुकला असता तरी लहर फाकली असती. म्हणून मला मोजलं, पुन्हा घासलं, पुन्हा मोजलं. मग माझ्या तोंडावर पांढरं आवरण ताणून बसवलं. पाऊस, धूळ, पाखरं आत जाऊ नयेत म्हणून ते असतं. लहर मात्र त्यातून आरपार जाते. तपासणी करणाऱ्या बाईंनी शेवटी माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान वाटला. माझ्यासोबत तयार झालेल्या काहींना तो मिळाला नव्हता.

माझी पहिली नोकरी कोल्हापूर शहरात. मंगळवार पेठेतल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर मला बसवलं. त्या गच्चीवर चिमणाबाई नावाच्या बाई उन्हाळ्यात चटणीसाठी मिरच्या वाळत घालायच्या. मला पाहिल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि बसवणाऱ्या माणसाला विचारलं, "हा नगारा कुणाच्या देवळाचा?"

"मावशी, हा मोबाइलचा अँटेना हाय."

"मोबाइलचा व्हय? मग ह्यातनं किरणं येत असतील. माझ्या मिरच्या करपल्या तर?"

"करपत न्हाईत, मावशी. झालंच तर लवकर वाळतील."

"मग असू दे. पण मिरच्यांवर पाय देऊ नकोस."

तेव्हापासून माझं नाव नगारा पडलं.

त्या दिवसांत मोबाइल फोन विटेएवढा जड होता आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडायचे. तो बाळगणारे थोडेच होते. गुळाचे व्यापारी, काही डॉक्टर, एखादा बिल्डर. फोन वाजला की ते दुकानातून रस्त्यावर यायचे. आतमध्ये नेटवर्क येत नाही, असं सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. आत कुणाला दिसलं नसतं. ते मोठ्याने बोलायचे आणि येणारे-जाणारे थांबून पाहायचे. मी वरून पाहायचो आणि मला वाटायचं, ही सगळी ऐट माझ्या जिवावर चालली आहे.

मग फोन स्वस्त झाले, लहान झाले. भाजीवाल्याच्या खिशात आले, रिक्षावाल्याच्या आले. पेठेतल्या तालमीतल्या पोरांकडेसुद्धा आले. माझ्यातून जाणारं बोलणं इतकं वाढलं की मला ते पेलेना. शहरासाठी मोठा, नव्या बनावटीचा अँटेना आला आणि मला खाली उतरवलं. माझ्या शेजारची काही जुनी यंत्रं भंगारात गेली. मला मात्र पुन्हा एकदा तपासलं. बाक जसाच्या तसा होता. मोजणाऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "ह्याला गडहिंग्लजकडं पाठवा. तिकडं नवीन साइट सुरू होतीया."

शहरात जुना ठरलेला मी अशा रीतीने माळावर नवा झालो.

माळावर मला बसवताना दोन माणसं लागली. एकाने मला बोटभर उजवीकडे, बोटभर डावीकडे फिरवायचं आणि दुसऱ्याने मीटरकडे बघून "अजून जरा, अजून जरा" म्हणायचं. मी कुठे बघतोय हे मला कळत नव्हतं. समोर नुसता उन्हात थरथरणारा डोंगर होता. आणि एका क्षणी तिकडून कुणीतरी अगदी स्पष्ट बोललं. मीटर बघणारा ओरडला, "हां! आता हलवू नको!" तोच माझा जोडीदार. आम्ही एकमेकांजवळ कधी गेलो नाही. लांबून तो मला मोहरीएवढा दिसतो. पण त्याच्याइतकं नीट मला कुणी ऐकलेलं नाही.

टॉवरचे राखणदार होते भरमाप्पा. त्यांचं घर माळाच्या उतारावर, टॉवरच्या कुंपणाला लागूनच. घरात बायको चन्नम्मा आणि मुलगी शिवलीला. तिघंही घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी बोलायचे. टॉवर सुरू झाला तेव्हा त्यावरचा पहिला फोन भरमाप्पांनीच केला. कुरुंदवाडला दिलेल्या आपल्या थोरल्या बहिणीला.

"आक्का! मी भरमा बोलतोय! कुठनं म्हणून काय विचारतीस? मरगुबाईच्या माळावनं!"

"व्हय रं व्हय," पलीकडून आक्का म्हणाल्या, "वरडू नकोस. वारा जरा तिकडचा असला तर तू फोनशिवाय बी ऐकू येशील."

त्यानंतर आसपासच्या चार वाड्यांचं बोलणं माझ्यातून जाऊ लागलं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा ट्रक कारखान्यावर अडकला, कुणाच्या घरी पाहुणे यायचे राहिले, हे सगळं. मी ऐकून ठेवत नाही. माझ्यात काहीच साठत नाही. सगळं नुसतं पार होतं. पण पार होताना थोडी ऊब लागते, एवढं खरं.

दोन हजार सहा साली टॉवरखालच्या खोलीतली यंत्रं बदलली. त्यासाठी कोल्हापूरहून अदिती नावाची इंजिनियर आली होती. ती मंगळवार पेठेतलीच. लहानपणी तिने मला गच्चीवर पाहिलं असेल का, असा विचार माझ्या मनात आला. पण मी तिला विचारणार कसा? तिने जुन्या पेटीतली कार्डं काढून नवी बसवली आणि भरमाप्पांना सांगितलं, "काका, आजपासून इथे फोनवर इंटरनेट जरा वेगात चालेल. फोटो जाईल, ईमेल जाईल."

"म्हणजे पत्र?"

"पत्रच. पण पोस्टमनशिवाय."

"आणि ते बी ह्या नगाऱ्यातनंच जाणार?"

"ह्याच्यातूनच. म्हणून एक लक्षात ठेवा. ह्याच्या तोंडासमोर झाड वाढू देऊ नका. तोंडापासून त्या डोंगरापर्यंत जागा मोकळी पाहिजे."

भरमाप्पांनी हे मनावर घेतलं. कठड्यापर्यंत वाढलेली बाभळीची एक फांदी त्यांनी त्याच दिवशी तोडली. कावळे घरटं बांधू लागले की ते खालून टाळ्या वाजवायचे. एकदा माझ्या पाठीमागे मधमाश्यांनी पोळं धरलं, तर धूर करून पोळी काढणारा माणूस बोलावून त्यांनी ते काढवलं आणि मध गावात वाटला. इतकी काळजी माझी शहरातही कुणी घेतली नव्हती.

तरीही डेटाची तक्रार असायचीच. संध्याकाळी सगळेच फोन घेऊन बसले की वेग मंदावायचा. माळाच्या पायथ्याशी सयाजीची टपरी होती. तो चहा आणि रिचार्जची कार्डं विकायचा, म्हणून तक्रारीही त्याच्याकडेच यायच्या.

"सयाजी, कालपासनं माझं नेट गोल गोल फिरतंय नुसतं."

"मग बरं हाय की. तू तर दिवसभर बसूनच असतोस. नेट तरी फिरू दे."

असं होतं आमचं चांगलं चाललेलं. आणि मग दोन हजार सातचा पाडवा आला.

शिवलीला तेव्हा गडहिंग्लजला बी.एस्सी.ला होती. विषय रसायनशास्त्र. कोलकात्याच्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेत दर उन्हाळ्यात देशभरातून थोड्या मुलांना दोन महिने प्रयोगशाळेत काम करायला बोलावतात. तिच्या मॅडमनी तिला अर्ज करायला लावला होता. निवड झालेल्यांत तिचं नाव आलं नव्हतं. प्रतीक्षा यादीत आलं होतं. त्या यादीवर ती महिनाभर आशा ठेवून बसली होती आणि बाहेर मात्र "होतंय कशाचं" असं म्हणत होती.

पाडव्याच्या सकाळी तिने अंगणात उभं राहून फोन उघडला. रात्री आलेलं एक ईमेल तिथे होतं. ते माझ्यातूनच आलं होतं. एका विद्यार्थ्याने जागा सोडली होती. तुम्हाला यायचं असेल तर आज दुपारी दोनच्या आत याच ईमेलला होकार पाठवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला दिली जाईल, असं त्यात लिहिलं होतं. फोन नंबर दिलेला नव्हता.

ती तशीच घरात धावली. चन्नम्मा पुरण वाटत होत्या.

"अव्वा, कोलकात्याचं बोलावणं आलं!"

"आलं व्हय? बेस झालं. पण आधी अंघोळ कर. गुढी उभी राहिल्याशिवाय आज घरात दुसरं काय सुद्धा न्हाय."

"अगं, उत्तर द्यायचंय."

"मग अप्पाला विचारलंस? एवढ्या लांब जायचं, त्याला न विचारताच हो म्हणणार व्हय?"

भरमाप्पा अंघोळ करून आले. तिने त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ टॉवेलने हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"कलकत्ता म्हणजे कुठवर आलं गं?"

"रेल्वेनं दोन दिवस, अप्पा."

"एकटी?"

"मॅडमच्या ओळखीची एक मुलगी हाय तिथं. तिच्यासंगं राहायचं."

"मग लिही की! मला काय विचारतीस?" ते एकदम म्हणाले आणि त्यांचा आवाज माळभर गेला. "एवढी यादी, आणि त्यातनं माझी लेक! आणि मी गुढी काय परड्यात उभारू? आज गुढी टॉवरवर!"

"अवो, कंपनीवालं काय म्हणतील?" चन्नम्मा म्हणाल्या.

"गुढीला नको म्हणणारा कोण हाय कंपनीत? चार वाड्यांतनं दिसली पाहिजे."

राखणदार म्हणून शिडीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच होती. त्यांनी वेळूच्या काठीला चन्नम्मांचा लग्नातला जरीचा शालू बांधला. कडुनिंबाचा डहाळा, झेंडूचा हार, साखरेच्या गाठी आणि वर उपडा तांब्या. ती गुढी खांद्याला लावून ते माझ्या सज्ज्यापर्यंत चढून आले. गाव, रस्ता आणि चारही वाड्या माझ्या तोंडाच्या बाजूला आहेत. म्हणून त्यांनी कठड्याच्या त्याच बाजूला, माझ्या अगदी समोर, काठी आवळून बांधली. हात जोडले. मलाही हळद-कुंकू लावलं. इतका मान मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. तांब्या उन्हात झळाळत होता. आणि डोंगरावरचा माझा जोडीदार मला नीट ऐकू येईनासा झाला होता.

खाली पूजा झाली. कडुनिंब आणि गूळ वाटला गेला. मग शिवलीला अंगणात बसली, होकार लिहिला आणि पाठवला. तो गेला नाही. पुन्हा पाठवला. पडद्यावर ते छोटंसं चिन्ह फिरत राहिलं आणि शेवटी "पाठवता आले नाही" असं आलं. तिने फोन बंद करून चालू केला. बॅटरी काढून पुन्हा घातली. मग उतार उतरून सयाजीच्या टपरीवर आली.

"सयाजीमामा, तुमचं नेट चालतंय का?"

"आज? आज समदी एकमेकांला पाडव्याचं मेसेज धाडत्यात. नेट बी पोळ्या खाऊन आडवं झालंय."

"मस्करी नको, मामा. दोनच्या आत गेलं न्हाय तर माझी जागा जाईल."

सयाजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहाचं पातेलं खाली उतरवलं. त्याने गडहिंग्लजच्या इंटरनेट कॅफेवाल्याला फोन लावला. आवाज खरखरत, तुटत, पण आला. कॅफे बंद होता. मालक संकेश्वरला सासुरवाडीला गेला होता. गडहिंग्लजपर्यंत गेलं असतं तर तिथल्या टॉवरवर तिचा फोन चालला असता. पण सयाजीची मोटारसायकल त्याचा पुतण्या घेऊन गेला होता आणि सणामुळे एस.टी.ची पुढची फेरी दुपार उलटल्यावरच होती.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, बोलणं जात होतं तर ईमेल का जात नव्हतं? सांगतो. माणूस बोलतो तेव्हा त्यातला एखादा शब्द गळाला तरी ऐकणारा समजून घेतो. डेटा असा समजून घेत नाही. तो लहान लहान तुकड्यांनी जातो. एक तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवावा लागतो, तोही बिघडला तर पुन्हा. माझ्या तोंडासमोर धातूचा तांब्या आणि धातूच्या तारांची जर होती. लहरीचा बराच भाग तिथेच अडत होता, उलटा फिरत होता. उरलेल्या भागावर मी बोलणं कसंबसं रेटत होतो. शिवलीलाचं ईमेल मी पुन्हा पुन्हा पाठवत होतो आणि ते पुन्हा पुन्हा फाटत होतं. तिचं उत्तर माझ्या हातात होतं आणि मला ते नेता येत नव्हतं. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

शिवलीला धापा टाकत घरी आली आणि तिने भरमाप्पांच्या फोनवरून अदितीला फोन लावला. अदितीची सणाच्या दिवशीही कोल्हापूरच्या ऑफिसात ड्युटी होती.

"मॅडम, मी शिवलीला. भरमाप्पांची मुलगी. नेट बंद पडलंय हो. माझं फार महत्त्वाचं ईमेल अडकलंय."

"थांब, बघते," अदिती म्हणाली. आवाज तुटत होता. "तुमच्या लिंकवर चुका दिसताहेत. सकाळी गुढीच्या वेळेपासून. त्याआधी सगळं स्वच्छ आहे. समोर काही आलंय का? फांदी, पतंग, बॅनर?"

"न्हाय, मॅडम. अप्पा रोज बघतात."

"बाहेर जा. फोन चालू ठेव. नीट वर बघ आणि मला सांग, नगाऱ्याच्या तोंडासमोर काय दिसतंय."

शिवलीला अंगणात आली. तिने मान वर केली. मी तिच्याकडे पाहत होतो आणि आमच्या दोघांच्या मध्ये शालूचा पदर फडफडत होता.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "गुढी हाय."

"काय आहे?"

"गुढी. अप्पांनी नगाऱ्याच्या समोर गुढी उभारलीय."



"तांब्या कशाचा?"

"तांब्याचाच."

"आणि साडी?"

"जरीची. अव्वाच्या लग्नातली. खरी जर हाय."

"अगं, मग लहर जाणार कशी? काढा ती आधी. आणि काकांना सांग, सुरक्षेचा पट्टा लावल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही. सकाळी लावला होता ना?"

भरमाप्पा जवळच उभे होते. त्यांनी ऐकलं. "लावलेला," ते म्हणाले, "मनातनं."

पण गुढी काढा, हे शब्द ऐकून चन्नम्मा दारातून पुढे आल्या.

"सणाची गुढी दिस मावळायच्या आधी उतरवायची? आणि ती बी लेकीच्या नावानं उभारलेली? न्हाय. असलं आपल्या घरात कधी झालं न्हाय."

भरमाप्पा एकदा वर पाहत होते, एकदा मुलीकडे. "मी फांद्या तोडल्या की गं," ते म्हणाले. "कावळं हाकलली. गुढी बी अडवत असंल, असं माझ्या डोक्यात सुद्धा आलं न्हाय."

"अप्पा," शिवलीला म्हणाली. तिने रडू आवरून धरलं होतं. "ही गुढी माझ्यासाठीच उभारलीय न्हवं? मग माझ्याच वाटंत ती कशी उभी?"

 सयाजीही टपरी सोडून तिच्या मागोमाग आला होता. सूर्य डोक्यावर येऊन कलायला लागला होता.

चन्नम्मा पदराने कपाळ पुसत वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उतरवायची कशाला? पालखीच्या वाटंत खड्डा आला तर पालखी खाली ठेवत्यात व्हय? फिरवून नेत्यात. ह्या बाजूनं काढा आणि त्या बाजूला लावा. पण काठी उभीच राहिली पाहिजे. आडवी करायची न्हाय."

भरमाप्पांनी पट्टा लावला. तो पहिल्यांदाच इतका घट्ट लावला असेल. ते शिडी चढले. सज्ज्यावर येऊन त्यांनी काठीच्या गाठी सोडल्या आणि गुढी छातीशी उभी धरली. सज्जा अरुंद आहे. माणूस आणि उभी गुढी एकाच वेळी कोपऱ्यावरून वळायची म्हणजे सोपं नव्हतं. खालून चन्नम्मा ओरडत होत्या, "वाकवू नका! सरळ धरा!" आणि सयाजी ओरडत होता, "वहिनी, त्यांना पायाकडं बघू दे जरा, गुढीकडं नंतर बघू!" वळताना तांब्या माझ्या कडेला लागला आणि टण्णकन वाजला. साखरेची एक गाठ तुटून खाली पडली. कोंबडीने ती पळवली. शालू माझ्या तोंडावरून सरकत गेला. त्याची जर उन्हाने तापलेली होती.

आणि पदराचं शेवटचं टोक बाजूला झालं तसा समोरचा डोंगर मोकळा झाला. माझा जोडीदार मला पुन्हा ऐकू आला. अगदी त्या पहिल्या दिवसासारखा.

"आता बघ!" वरून भरमाप्पा ओरडले. एका हाताने त्यांनी कठडा धरला होता, दुसऱ्या हाताने उभी गुढी.

शिवलीलाने बटण दाबलं. ईमेलचे तुकडे माझ्याकडे आले. पहिला, दुसरा, मग बाकीचे सगळे, एका पाठोपाठ एक. मी ते धरून धरून पलीकडे दिले. एकही परत आला नाही. मी आयुष्यात व्यापाऱ्यांचे मोठमोठे सौदे नेले, डॉक्टरांचे तातडीचे निरोप नेले. पण कुठल्याही निरोपाचं मला इतकं वजन जाणवलं नाही आणि तरी कुठलाच निरोप इतका सहज गेला नाही.

"गेलं!" ती म्हणाली. मग तिने फोन दोन्ही हातांत धरला आणि ती खालीच बसली. दोन वाजायला अजून अवकाश होता, पण फार नव्हता.

उत्तर यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात भरमाप्पांनी गुढी पाठीमागच्या बाजूला पक्की बांधली. तिथून ती चार वाड्यांतून दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त माळावरच्या मेंढरांना आणि पलीकडच्या उसाच्या फडांना. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. कोलकात्याचं उत्तर आलं, "आपली जागा निश्चित केली आहे", तेव्हा ते शिडीवरच होते.

"काय म्हणत्यात?"

"या म्हणत्यात, अप्पा!"

"मग मी खाली येऊ न्हवं?"

"या की! पट्टा आधी सोडा, न्हाईतर टॉवर घेऊन याल," सयाजी म्हणाला आणि सगळे हसले. चन्नम्मासुद्धा हसल्या. गुढी त्या दिवशी मावळतीलाच उतरली, रीतीप्रमाणे, हळद-कुंकू आणि अक्षता वाहून.

पुढच्या आठवड्यात अदिती स्वतः आली. आधी ती भरमाप्पांवर रागावली, कारण पट्टा न लावता चढणं हा काही हसण्याचा विषय नाही. मग म्हणाली, "काका, चूक माझीही आहे. मी झाड नको म्हणाले होते. गुढीचं सांगायला हवं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तिने कठड्यावर माझ्या तोंडासमोर जेवढी रुंदी मोकळी हवी, तेवढा भाग लाल रंगाने रंगवला. "ह्या लाल भागात काहीही बांधायचं नाही. देवाचं असो की माणसाचं."

शिवलीला उन्हाळ्यात कोलकात्याला गेली. तिथल्या विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष उतरतं. ते किती आहे, हे मोजायला ती शिकली. दर रविवारी तिचा फोन माझ्यातून यायचा. आता ती पुढचं शिक्षण तिकडेच घेते आहे.

आणि मी? पुढच्याच वर्षी माळावर आणखी फोन आले, आणखी डेटा आला. माझ्या वरच्या बाजूला मोठा नवा अँटेना बसवला गेला. माझी तार काढली. खाली उतरवायला माणसं परत येतील असं ठरलं होतं, पण ती आली नाहीत. म्हणून मी आहे तिथेच आहे, डोंगराकडे तोंड करून. डोंगरावरचा जोडीदार अजूनही मला मोहरीएवढा दिसतो. त्याचीही तार काढली असणार. आता आम्ही नुसते बघतो.

नवा अँटेना माझ्यापेक्षा वर बसवला आहे. त्याच्या वाटेत सज्ज्याचा कठडा येतच नाही. म्हणजे त्या लाल पट्ट्याला आता काही अर्थ उरलेला नाही. हे अदितीने भरमाप्पांना सांगितलं आहे. तरीही या वर्षीच्या पाडव्याला भरमाप्पा कमरेला पट्टा लावून वर आले, सोबत लाल रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन. कठड्यावरचा पावसाने उडालेला तो लाल पट्टा त्यांनी पुन्हा रंगवला. मग गुढी पाठीमागच्या बाजूला नेऊन उभारली. मोकळी ठेवली ती फक्त माझ्यासमोरची जागा.

खालून सयाजीने विचारलं, "भरमादा, त्या जुन्या नगाऱ्यातनं आता काय जातंय?"

"काय न्हाय."

"मग जागा कशाला सोडतोयस?"

भरमाप्पा कुंचला पुसत म्हणाले, "ज्यानं पोरीला वाट दिली, त्याच्या तोंडासमोर उभं राहू व्हय?"

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. नेट अडलं, निरोप अडकला, की लगेच यंत्राला शिव्या देऊ नका आणि माणसालाही दोष देऊ नका. बाहेर या, मान वर करा आणि मध्ये काय आलं आहे ते आधी बघा. बहुतेक वेळा ते कुणीतरी प्रेमानेच आणून ठेवलेलं असतं. ते मोडू नका, फेकू नका. थोडं बाजूला सरकवा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू जिथे बसल्या आहेत, तिथे त्यांच्यासमोर थोडी जागा राहू द्या. आम्हाला आता काही पाठवायचं नसतं. फक्त समोरचा डोंगर दिसायला हवा असतो.